नगराभ्यासातील परिभाषेचा प्रश्न : गिरणगावाच्या निमित्ताने

नगराचा अभ्यास हा कोणत्याही एका शास्त्राचा विषय नव्हे, हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की त्याचा नेमका अर्थ काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अभ्यासक्रमांच्या प्रास्ताविकांत ते असते, परिसंवादांच्या निमंत्रणपत्रिकांत असते. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केल्यापासून त्यास शासकीय मान्यतेचे बळही लाभले आहे. प्रत्यक्षात घडते ते असे : अर्थशास्त्राचा अध्यापक रोजगारावर दोन व्याख्याने देतो, भूगोलाचा अध्यापक नकाशा दाखवितो, इतिहासाचा अध्यापक १८९६ च्या प्लेगचे वर्णन करतो, मराठीचा अध्यापक नारायण सुर्वे यांची कविता शिकवितो, आणि ह्या सर्वांची बेरीज विद्यार्थ्याने आपल्या मनात करावी, अशी अपेक्षा असते. ही बेरीज होत नाही. ती का होत नाही, याची कारणे बहुधा वेळापत्रकात, निधीत किंवा अध्यापकांच्या परस्परसंबंधांत शोधली जातात, आणि त्यांत तथ्य नाही असे नव्हे. पण त्याहून खोल असलेले एक कारण शब्दांत आहे. प्रत्येक शाखा नगराकडे स्वतःच्या संज्ञा घेऊन जाते, आणि नगरातील माणसांजवळ त्याच वस्तूंसाठी आधीपासून संज्ञा आहेत, याची दखल कोणतीच शाखा घेत नाही. मुंबईच्या गिरणगावाच्या अभ्यासात हा प्रकार जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

वस्तुतः महाराष्ट्रात नगरवर्णनाची सुरुवात चांगली झाली होती. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, आणि बाळकृष्ण बापू आचार्य व मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९ साली. माडगांवकरांच्या काळी समाजशास्त्र, नगररचनाशास्त्र वगैरे खाती निघालेली नव्हती. त्यामुळे जाती, धंदे, बाजारभाव, छापखाने, शाळा, देवळे, गोदी आणि आगगाडी ही सर्व एकाच पुस्तकात, एकाच माणसाच्या जिज्ञासेने गोळा झाली. ह्या पुस्तकास पद्धतिशास्त्र नाही, हा आक्षेप खराच आहे. परंतु जे लोक वर्णिले जात होते त्यांच्याच भाषेत ते लिहिले गेले, ही गोष्ट त्या काळी इतकी स्वाभाविक होती की तिच्यात काही विशेष आहे असे कोणास वाटले नाही. पुढे ती स्वाभाविक राहिली नाही.

मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग स्थापन झाला आणि पॅट्रिक गेडीस हे त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ असलेले गेडीस १९१४ मध्ये भारतात आले आणि अनेक शहरांची पाहणी करून त्यांनी अहवाल लिहिले. इंदूरचा १९१८ चा अहवाल त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. स्थळ, काम आणि लोक ही त्यांची त्रयी. उपचारापूर्वी निदान हे त्यांचे सूत्र. आणि सरसकट पाडापाडी न करता नेमक्या ठिकाणी थोडेच काढून वस्ती वाचवावी, हा त्यांचा आग्रह. मुंबईत १८९८ साली स्थापन झालेला सुधारणा ट्रस्ट दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढीत होता, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या आग्रहाचे मोल कळते. आज ज्यास आंतरशाखीय म्हणतात ते गेडीस यांनी शंभर वर्षांपूर्वी आचरले, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि गेडीस यांच्या पद्धतीत एक उणीव आहे, आणि ती त्यांच्या चरित्रकारांनी जितकी सौम्यपणे घेतली तितकी सौम्य ती नाही. त्यांचे मुख्य साधन डोळा होते. एडिंबरोच्या त्यांच्या मनोऱ्याच्या माथ्यावर एक अंधारी खोली होती. तीत भिंगातून उतरलेले शहराचे चित्र पाहुणा प्रथम पाही आणि मग एकेक मजला उतरत शहराकडून जगाकडे जाई. भारतातही ते रस्तोरस्ती पायी हिंडले, आणि त्यांना जे दिसले ते फार थोड्या युरोपियनांना दिसले. मात्र घराच्या ओट्यास, बोळास, विहिरीभोवतीच्या मोकळ्या जागेस तेथील लोक काय म्हणतात, आणि ज्यास वेगळे नाव आहे ते वेगळे का मानले जाते, हा प्रश्न त्यांच्या निदानपद्धतीत बसत नव्हता. त्यांच्यानंतर विभागाची धुरा गो. स. घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये संस्कृतचे विद्यार्थी. शब्दाचे महत्त्व त्यांना सांगावे लागत नव्हते. परंतु त्यांचा कल ग्रंथांकडे आणि जातिसंस्थेकडे. विभागाच्या मूळ नावातील ‘नागरिकशास्त्र’ मागे पडले ते पडलेच. घुर्ये यांचा नगरे व संस्कृती ह्या विषयावरील ग्रंथ १९६२ साली आला, पण त्यातील नगर हे पोथ्यांतले आणि आकडेवारीतले आहे. चाळीच्या जिन्यावर त्यातील अभ्यासक फारसा चढत नाही.

ह्या ‘नागरिकशास्त्र’ शब्दाचे पुढे जे झाले ते नमुनेदार आहे. नगरात राहणारा तो नागरिक ही व्युत्पत्ती शाळकरी मुलासही ठाऊक असते. पण शालेय नागरिकशास्त्रात राज्यघटना, संसद, ग्रामपंचायत हे सर्व येते आणि विद्यार्थी ज्या गल्लीत राहतो ती गल्ली मात्र येत नाही. महानगरपालिकेविषयी एक पाठ असतो. त्यात महापौर असतो, आयुक्त असतो, समित्यांची नावे असतात. नगरावाचून नागरिक, अशी ही स्थिती आहे.

सर्वेक्षणाची परंपरा ह्याहून सुदृढ आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुण्याची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणत्या व्यक्तीस कमावती म्हणावे, कोणास आश्रित म्हणावे, याचा तीत घेतलेला विचार आजच्या घाईच्या प्रश्नावल्यांस लाजवील असा आहे. परंतु पाहणीचे एकक काय, हा प्रश्न उरतोच, आणि गिरणगावात तो अतिशय तीव्र होतो.

जनगणनेतील एकक घ्यावे. सामान्यतः एकत्र राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरातील अन्न घेणाऱ्या व्यक्तींचा समूह, अशी त्याची व्याख्या आहे. इंग्रजी संज्ञा घराशी निगडित आहे. मराठीत तिचा अनुवाद सहसा ‘कुटुंब’ असा केला जातो. आता गिरणगावाची खोली पाहावी. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतून आलेले पुरुष एका खोलीत दहा-पंधरा, क्वचित त्याहून अधिक संख्येने राहात. पुष्कळदा खोली एका गावाच्या मंडळाने घेतलेली असे. गिरणीत पाळ्या चालत, म्हणून अंथरूणही पाळीने वापरले जाई. हे पुरुष जेवत मात्र खानावळीत, म्हणजे बहुधा त्याच किंवा शेजारच्या चाळीतील एखाद्या बाईच्या घरी. ती बाई आपल्या एका खोलीत नवरा-मुलांसह राहून दोन्ही वेळा पंधरा, वीस, कधी तीस माणसांचे जेवण रांधी. अशा खानावळवाल्या बायकांची संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ ह्या नावाने उभी केली, तेव्हा हा धंदा बाहेरच्या जगास दिसू लागला. म्हणजे जे एकत्र राहात त्यांची चूल एक नव्हे, आणि ज्यांची चूल एक ते एकत्र राहात नव्हते. व्याख्येच्या दोन अटी दोन दिशांस गेल्या. गणना करणाऱ्याने अशा खोल्यांची कशीबशी नोंद केली असणारच, कारण नोंदीस कागदावर रकाना असतो. पण ह्या नोंदीवरून पुढे घरटी माणसे, घरटी उत्पन्न, घरटी स्त्रियांचा रोजगार असे जे हिशेब मांडले जातात ते कशाचे हिशेब आहेत, हे सांगणे अवघड आहे. खानावळवाली ‘घरकाम करणारी’ ठरली की एक सबंध उद्योग कोष्टकातून नाहीसा होतो.

ह्यात मराठी शब्दाने भर घातली ती वेगळीच. जुन्या पिढीतील मराठी पुरुष ‘आमचे कुटुंब’ म्हणे तेव्हा त्याचा अर्थ ‘माझी पत्नी’ असा असे. ज्याची पत्नी मालवणास किंवा पाटणास आहे आणि जो स्वतः परळला चौदा जणांत राहतो, त्यास ‘तुमचे कुटुंब किती माणसांचे?’ असे विचारले असता तो गावची माणसे मोजणार, की खोलीतली? दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि प्रश्न चुकीचा आहे. नवल असे की, मराठीत दुसरा शब्द होता. ‘बिऱ्हाड’ म्हणजे भाड्याच्या जागेत थाटलेला संसार. ‘बिऱ्हाड थाटणे’ ह्या प्रयोगात चूल अध्याहृत आहे, आणि जागा आपली नव्हे, उद्या उठावे लागेल, हीही जाणीव आहे. चाळीचे मोजमाप लोक बिऱ्हाडांनी करीत, आणि पुरुषांच्या सामाईक जागेस नुसती ‘खोली’ म्हणत. बिऱ्हाड, खोली आणि खानावळ ह्या तीन शब्दांत जे वर्गीकरण आहे, ते जनगणनेच्या एका रकान्यापेक्षा अधिक काटेकोर आहे. ते कोणत्याही विद्यापीठात तयार झालेले नाही, एवढाच त्याचा दोष.

‘गिरणगाव’ हे नाव स्वतःच अभ्यासकास अडविणारे आहे. महानगरपालिकेच्या प्रशासकीय विभागांस रोमन अक्षरांची नावे आहेत. गिरणगाव त्यांत कोठेच नाही. ते ई, एफ-दक्षिण आणि जी-दक्षिण अशा विभागांत वाटले गेले आहे. विभागवार आकडे घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यास गिरणगाव सापडत नाही, आणि मग तो ‘गिरणगाव हा एक सांस्कृतिक परिसर आहे’ असे लिहून मोकळा होतो. परंतु एका औद्योगिक वस्तीस तेथील रहिवासी ‘गाव’ म्हणतात, याचे आश्चर्य वाटावयास हवे. शिकागो विद्यापीठातील लुई वर्थ यांनी १९३८ मध्ये नागर जीवनशैलीची उपपत्ती मांडली. संख्या, घनता आणि विविधता वाढली की जवळिकीचे संबंध सैल होतात आणि व्यवहारापुरते संबंध त्यांची जागा घेतात, असा तिचा आशय. अजूनही ती पहिल्या सत्रात निरपवाद सत्यासारखी शिकविली जाते. गिरणगावाची घनता मुंबईतही मोठी. तरी तेथे खोली गावाची, नोकरी गाववाल्या जॉबरमार्फत, कर्ज ओळखीवर, भजनी मंडळ आणि व्यायामशाळा वाडीची. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात मुंबईच्या कामगारवर्गाची घडण गिरणीच्या दाराआड जितकी झाली तितकीच शेजाराच्या ह्या जाळ्यात झाली, हे साधार दाखविले. संपाच्या काळात माणसे तगून राहिली ती ह्याच जाळ्याच्या आधारे. ‘गाव’ हा शब्द तेच सांगत होता. बेलफास्टच्या तीन कामगारवस्त्यांतील बोलीचा अभ्यास करून लेस्ली मिलरॉय यांनी १९८० मध्ये असे दाखविले की, शेजाराचे जाळे जितके घट्ट तितकी स्थानिक उच्चारांची धारणा अधिक. इतिहासकार आणि भाषाशास्त्रज्ञ एकाच गोष्टीपाशी दोन वाटांनी पोहोचले. मात्र दोघांची पुस्तके एका अभ्यासक्रमात एकत्र ठेवलेली क्वचितच आढळतात.

याचा अर्थ रहिवाशांच्या प्रत्येक शब्दास प्रमाण मानावे, असा मात्र नव्हे. ‘गाव’ हा शब्द जिव्हाळा सांगतो त्याप्रमाणे लपवितोही. गावाच्या खोलीत गावातील सर्वांस जागा नव्हती. गावकुसाबाहेरचा माणूस मुंबईतही वेगळ्या खोलीत, वेगळ्या चाळीत राहिला. ‘गिरणी कामगार’ ह्या एकसंध वाटणाऱ्या संज्ञेचेही तसेच. गिरणीत ‘खाती’ असत, आणि साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी चांगली असे. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, या कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांस त्या खात्यात घेतले जात नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. परळच्या सुधारणा ट्रस्टच्या चाळीत ते स्वतः अनेक वर्षे राहिले होते. ‘खाते’ हा शब्द कामगाराच्या तोंडी केवळ यंत्रांची मांडणी सांगत नाही, तर मजुरीची आणि विटाळाची रचना सांगतो. वर्गाचा अभ्यास अर्थशास्त्राकडे, जातीचा समाजशास्त्राकडे, ही विद्यापीठाने केलेली वाटणी गिरणीतल्या खात्यास ठाऊक नव्हती. (विद्यापीठातील विभागासही मराठीत ‘खाते’ म्हणण्याची रीत होती, साम्य तेवढ्यावरच थांबते, असे म्हणवत नाही.)

अलीकडील चिकित्सक संप्रदायाकडून ह्या बाबतीत अधिक अपेक्षा होत्या. हेन्री लफेव्र यांनी १९६८ मध्ये नगरावरील हक्काची कल्पना मांडली. डेव्हिड हार्वी यांचा सामाजिक न्याय आणि नगर यांवरील ग्रंथ १९७३ चा. नगरातील भूमीची मांडणी नैसर्गिक नसून भांडवलाच्या व्यवहारातून घडते, हा त्यांचा सिद्धांत मुंबईस लागू पडतो, यात संशय नाही. परंतु तो मराठीत आला तो ‘अवकाशाची निर्मिती’ अशा शब्दांनी. मराठी वाचकास अवकाश म्हणजे एक तर अंतराळ, नाहीतर सवड. ज्या भाषेत ‘जागा’ हा शब्द आहे तीत ‘अवकाश’ आणावा लागला, हे परिभाषेच्या गुलामगिरीचे लक्षण होय. ‘जागा घेतली’ म्हणजे घर विकत घेतले. ‘जागा भरली’ म्हणजे नोकरीवर माणूस नेमला. ‘जागा धरली’ म्हणजे गाडीत बसावयास मिळाले. ‘जागा दाखविली’ म्हणजे पायरी दाखविली. मालकी, रोजगार, गर्दी आणि प्रतिष्ठा ही चारही अंगे ह्या एका शब्दात आहेत, आणि लफेव्र यांस जे सांगण्यास सबंध पुस्तक लागले त्याचा बराचसा भाग त्यात गर्भित आहे. उलट ‘अवकाश’ लिहिणारा विद्यार्थी आपण काही सिद्धांत मांडीत आहोत अशा समजुतीत राहतो, आणि भाडे किती, पागडी किती, हे विचारावयाचे विसरतो.

शब्दांचा हा प्रश्न केवळ कोशकारांच्या करमणुकीचा आहे, असे ज्यांस वाटत असेल त्यांनी गिरण्यांच्या जमिनीचे प्रकरण पाहावे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लक्ष कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि सुमारे ६०० एकर जमिनीचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने, जमिनीचा पुनर्विकास झाल्यास तिचे ढोबळमानाने तीन वाटे व्हावेत असे ठरविले : एक महानगरपालिकेस मैदाने-उद्यानांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्मितीसाठी आणि एक मालकास. २००१ मध्ये ह्या नियमात दुरुस्ती झाली. वाटे करावयाचे ते फक्त ‘मोकळ्या जमिनीचे’, आणि मोकळी जमीन म्हणजे जिच्यावर बांधकाम नव्हते ती. गिरणीची इमारत पाडून मोकळी होणारी जमीन तीत धरावयाची नाही, असा तिचा परिणाम. गिरणीचे आवार बहुतांशी इमारतींनीच व्यापलेले असते. तेव्हा वाटे नाममात्र उरले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ह्या अर्थाविरुद्ध निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो फिरवून २००१ ची दुरुस्ती ग्राह्य धरली. एका विशेषणाच्या अर्थावर शहराच्या मध्यभागातील शेकडो एकरांचा निकाल लागला. हा विषय कायद्याचा, नगररचनेचा, अर्थशास्त्राचा आणि निःसंशय अर्थविज्ञानाचा आहे. भाषाशास्त्राच्या वर्गात मात्र अर्थसंकोचाचे उदाहरण म्हणून अजूनही ‘मृग’ शब्दच शिकविला जातो. पुढे त्याच जमिनींवर मनोरे उभे राहिले, आणि गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत लोअर परळचा काही भाग ‘अपर वरळी’ ह्या नावाने विकला गेला.

‘गलिच्छ वस्ती’चे उदाहरण ह्याच जातीचे. महाराष्ट्र विधानमंडळाच्या १९७१ च्या कायद्यात ज्या वस्त्या आरोग्यास, सुरक्षिततेस किंवा सोयीस अपायकारक ठरतात त्यांविषयी तरतूद आहे, आणि शासकीय मराठीत त्यांना ‘गलिच्छ वस्ती’ म्हणण्याचा प्रघात पडला. लोकांचा शब्द ‘झोपडपट्टी’. तो घराचा आकार आणि जमिनीचा पट्टा सांगतो, शिसारी सांगत नाही. १९९५ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पुनर्वसनासाठी जे प्राधिकरण निघाले त्याने आपल्या नावात लोकांचाच शब्द घेतला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु धारावीत कोळीवाडा आहे आणि कुंभारवाडाही आहे; हे वाडे आपल्या नावातच आपला धंदा सांगतात, आणि कोळीवाडा तर शहराहून जुना. त्यांना एकाच संज्ञेखाली घातले की धंदा आणि इतिहास दोन्ही पुसले जातात, मग ती संज्ञा गलिच्छ असो की सौम्य.

साहित्याचा उपयोग नगराभ्यासात कसा केला जातो, हेही तपासण्यासारखे आहे. सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ (१९६६), बाबुराव बागूल यांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३), भाऊ पाध्ये यांचे ‘वासूनाका’ (१९६५) ही पुस्तके समाजशास्त्राच्या प्रबंधांत प्रकरणाच्या आरंभी शोभेसाठी येतात, अथवा दारिद्र्याचा, बेकारीचा पुरावा म्हणून येतात. कविता ही खिडकी आणि नगर हे बाहेरचे दृश्य, असे गृहीत धरले जाते. ‘वासूनाका’वर अश्लीलतेचा आरोप झाला तो मुख्यतः तिच्या भाषेमुळे. म्हणजे नाक्यावरच्या पोरांचे बोलणे छापील मराठीत येऊ द्यावयाचे की नाही, असा तो वाद होता. नगराच्या कोणत्या भागास भाषेत प्रवेश आहे, ह्याचाच वाद. तो वाङ्मयीन टीकेत नीती-अनीतीच्या सदराखाली गेला आणि नगराभ्यासात पोहोचलाच नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या शंभराहून कमी नव्हेत अशा निवेदनांच्या आधारे २००४ मध्ये जो मौखिक इतिहास सिद्ध केला, तो ह्या क्षेत्रातील मौल्यवान ग्रंथांपैकी एक आहे. पण तो इंग्रजीत आहे. कामगारांनी आपल्या भाषेत सांगितलेले ‘खाते’, ‘बदली’, ‘नाईकीण’ हे शब्द अनुवादात आपली धार कितपत राखतात, ह्याचा विचार त्याच्या वाचकाने करावयास हवा.

ह्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. मुंबईत मराठी मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे. मदनपुऱ्यातील मोमीन विणकर उर्दू बोलत, कामाठीपुऱ्याचे नाव ज्यांच्यावरून पडले ते कामाठी तेलुगू बोलत, धारावीतील कुंभार गुजराती बोलतात, आणि ह्या सर्वांमधील व्यवहार ज्या हिंदुस्थानीत चालतो तिला व्याकरणकार भाषा म्हणावयास तयार नसतात. सुनीतिकुमार चतर्जी यांनी कलकत्त्याच्या बाजारी हिंदुस्थानीवर १९३१ मध्ये निबंध लिहून तिला शास्त्रीय अभ्यासाची प्रतिष्ठा दिली. मुंबईच्या बोलीस तिच्या विस्ताराच्या मानाने तेवढे भाग्य लाभलेले नाही. तेव्हा शब्दांच्या आधारे नगराभ्यास करावयाचा तर तो एकट्या मराठीचा करून चालणार नाही, हे निर्विवाद आहे. किंबहुना एकाच खोलीस, एकाच नाक्यास चार भाषांत चार नावे असतील तर ती चार नावे हीच नगराची खरी सामग्री होय. मराठीच्या अभिमानाने केलेला नगराभ्यास हा इंग्रजी परिभाषेच्या दास्याने केलेल्या अभ्यासाइतकाच एकांगी ठरेल.

अध्यापनाच्या दृष्टीने ह्यातून काय साधता येईल, याचा विचार फार मोठ्या योजनांनी करण्याचे कारण नाही. विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत ‘चौथा मजला’ ह्या उत्तरातील ‘र’ ऐकून वर्गभेदाचे मोजमाप केले, हे उदाहरण भाषाशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. त्यांच्या १९६६ च्या ग्रंथाचा मोठा भाग ज्या लोकांच्या मुलाखतींवर उभा आहे, त्या लोकांची निवड मात्र त्यांनी स्वतः केलेली नव्हती. समाजकार्याच्या क्षेत्रातील अभ्यासकांनी त्याच वस्तीची जी पाहणी आधी केली होती, तिच्यातील नमुना त्यांनी वापरला. ही गोष्ट सहसा शिकविली जात नाही, आणि आंतरशाखीयतेचा खरा धडा तीतच आहे : एका शाखेने निवडलेली माणसे आणि दुसऱ्या शाखेने त्यांना विचारलेला प्रश्न.

त्याच रीतीने एक शब्द घेऊन एक सत्र घालविता येईल. ‘नाका’ घ्यावा. नाके म्हणजे मूळ जकातीचे किंवा चौकीचे ठिकाण. शहर वाढले, चौकी गेली, नाव राहिले आणि रस्ते मिळतात त्या कोपऱ्यास चिकटले. तेथे पोरे उभी राहू लागली, आणि आता रोजंदारीवर गवंडी, रंगारी, बिगारी सकाळी ज्या ठिकाणी गिऱ्हाइकाची वाट पाहतात तोही नाका. त्यांना ‘नाका कामगार’ असेच म्हणतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने जकातीचे कागद पाहावेत, भूगोलाच्या विद्यार्थ्याने शहराची जुनी हद्द नकाशावर आखावी, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने सकाळी आठ वाजता त्याच ठिकाणी जाऊन मजुरीचा भाव कसा ठरतो ते नोंदवावे, आणि भाषेच्या विद्यार्थ्याने भाव ठरविताना कोण कोणत्या भाषेत बोलतो व कोणास ‘अहो’ आणि कोणास ‘अरे’ म्हणतो ते टिपावे. चौघांनी एकच नाका घ्यावा, ही मुख्य अट. चौघांच्या टिपणांत ‘कामगार’, ‘मजूर’, ‘कारागीर’ हे शब्द एकाच माणसासाठी आलेले आढळतील. ते का आले, हे चौघांनी एकमेकांस विचारल्यावाचून टिपण पुरे झाले असे समजू नये.

अशा एका सत्राच्या प्रश्नपत्रिकेचे गुण कोणत्या विभागाच्या खाती जमा करावयाचे, आणि चौघांचे मिळून एक टिपण कोणी तपासावयाचे, ह्याची तरतूद सध्याच्या नियमांत सहजासहजी बसत नाही. अभ्यासमंडळांच्या पुढील बैठकांत हा विषय निघेल तेव्हा चर्चेचा आरंभ तेथून करावा लागेल.